शिजलेलं, खाल्लेलं, उरलेलं

विभागात त्यांना सगळे ताई म्हणत आणि वसाहतीत काटेवाल्या बाई. उणीपुरी तीस वर्षं त्या लोकांच्या घरात शिरून त्यांचं जेवण तोलत होत्या. ऐन जेवणाच्या वेळी कोणाच्या दारात उभं राहू नये, असं आपल्याला लहानपणी शिकवतात. ताईंना पगारच मुळी त्या वेळी दारात उभं राहण्याचा मिळायचा.

विद्यापीठातला त्यांचा विभाग म्हणजे शेतापासून पोटापर्यंत सगळीकडे नाक खुपसणारं खातं. शहराला भाजी कुठून येते, कोणत्या गल्लीत पोचते, कोणत्या गल्लीत पोचत नाही आणि न पोचल्यामुळे कोणाची हाडं ठिसूळ होतात, या सगळ्याचा तिथे अभ्यास चाले. तिसऱ्या मजल्यावर चार खोल्या. एकीत नकाशे, एकीत प्राध्यापक, एकीत विद्यार्थी आणि चौथीत पत्र्याची कपाटं. कपाटांत फॉर्म. त्या फॉर्मवरची जुनी अक्षरं आता जगात एकच माणूस वाचू शकत असे, म्हणून निवृत्तीनंतर चार वर्षं झाली तरी ताई मंगळवारी आणि गुरुवारी विभागात येत. पिशवीतून चष्मा काढत, कपाटाजवळच्या खुर्चीत बसत आणि 'हा सात नाही, एक आहे, याला शेपूट काढायची खोड होती' असं सांगत.

खरं म्हणजे अक्षरं वाचणं हे निमित्त. ताईंना तो वास हवा असायचा, जुन्या कागदाचा आणि गंजलेल्या पत्र्याचा. नवीन विद्यार्थी नाक मुरडत, ताईंना मात्र त्या वासाने आपलं अख्खं तरुणपण समोर येऊन बसल्यासारखं वाटे.

त्या लागल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. नोकरी हंगामी, म्हणजे आज आहे, उद्या सांगता येत नाही. त्या वर्षी थोरल्या सरांनी मोठी मोजणी काढली होती. थोरले सर म्हणजे विभाग ज्यांनी उभा केला ते. अंगाने किडकिडीत, आवाजाने दणदणीत. त्यांना एकच गोष्ट शोधून काढायची होती. घरात अन्न येतं, शिजतं, पण ताटात कोणाच्या किती पडतं? त्यासाठी बाटल्यांच्या कारखान्यामागची वसाहत निवडली. चाळीस घरं, प्रत्येक घरी तीन दिवस, दुपारचं जेवण. आधी पातेलं तोलायचं, मग एकेकाचं ताट, मग उरलेलं, मग खरकटं. फॉर्मवर रकाने होते चार: शिजलेलं, खाल्लेलं, उरलेलं, टाकलेलं. आडव्या ओळी माणसांच्या: आजोबा, आजी, वडील, आई, मुलं. सगळ्यात खाली एक ओळ पाहुण्यांची.

मोजणीच्या आदल्या दिवशी सरांनी सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. घड्याळ बघायचं. काटा शून्यावर आहे का बघायचं. कोणाला काही शिकवायला जायचं नाही. "आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा," सर म्हणाले, "त्या घरात पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. घातलंत तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही."

पहिल्याच दिवशी नियमाचे तीनतेरा वाजले.

झालं असं की वसाहतीतल्या घरांच्या एका ओळीत ताईंच्या आधी एक सहायक जाऊन आला होता. त्याने सरांचा शब्द तंतोतंत पाळला. कोपऱ्यावरच्या घरात त्याला वाढलं, तो नको म्हणाला. पुन्हा वाढलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "आम्हाला तुमच्या घरचं खायची परवानगी नाही." झालं! संध्याकाळपर्यंत अकरा घरांची दारं बंद. 'आमच्या हातचं यांना चालत नाही, आणि आमची ताटं मात्र तोलायची!' सरांनी डोक्याला हात लावला आणि ती अकरा घरं ताईंच्या गळ्यात घातली.

कोपऱ्यावरचं घर शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं होतं. ताईंहून दोन-तीन वर्षांनी मोठी. सगळी ओळ तिला वहिनी म्हणे, म्हणून ताईही वहिनीच म्हणू लागल्या. एक खोली, खिडकीखाली शिवणयंत्र, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, मांडीवर सहा महिन्यांचं पोर, शिवाय एक पाच वर्षांचा, नवरा आणि सासू. वहिनींनी काट्याकडे बघितलं, ताईंकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तोला काय तोलायचं ते. पण आधी सांगा, जेवणार का? नसाल तर दार तिकडे आहे."

ताईंनी एक क्षण विचार केला. नियम मोडला तर नोकरी जाईल. पाळला तर अकरा घरं जातील आणि त्यांच्यामागून नोकरीही जाईल. शिवाय सकाळी सातपासून पोटात कावळे ओरडत होते. त्या म्हणाल्या, "थोडंसं."

ते थोडंसं त्यांना आयुष्यभर पुरलं. भात आणि कालवण, एवढंच. पण त्या चवीचं वर्णन ताईंनी पुढे इतक्या जणांना इतक्या वेळा केलं की विभागातले प्राध्यापक लांबूनच हात जोडत. वहिनी शेवटी पातेल्याच्या तळाशी थोडं पाणी घालून ते कालवणात कसं फिरवत, आणि वाढताना पळी कशी हळूच तिरकी करत, सगळं. थोरला खेळायला पळे, सासू आडवी होई, नवरा कामावर जाई, आणि त्या दोघी जेवणानंतर अर्धा तास गप्पा मारत बसत. ताईंचं तेव्हा लग्न व्हायचं होतं, शहरात कोणी ओळखीचं नव्हतं, भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर एकटीपुरतं शिजवून त्या खात. आपल्यासाठी कोणीतरी ताट वाढून ठेवलंय, हे त्यांना किती दिवसांनी दिसलं होतं! तीन दिवस संपले तेव्हा त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

वहिनींच्या घरात जेवल्या म्हणजे पुढच्या घरात जेवायलाच हवं. अकराही घरांत त्या जेवल्या. अकरा घरं पूर्ण झाली, एकही दार बंद राहिलं नाही, आणि थोरले सर चार लोकांत म्हणाले, "हिच्याकडून शिका." पाहुण्यांच्या ओळीत मात्र ताईंनी काही लिहिलं नाही. लिहिणार कसं? लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी यायचं नव्हतं.

मोजणीचा निकाल आला तो असा की घरातल्या सगळ्यांच्या ताटात जे पडायला हवं ते थोडंफार पडतं, आईच्या ताटात मात्र चौथा हिस्सा कमी पडतो. बहुतेक फॉर्मवर आईच्या ओळीपुढे शेऱ्यात एकच वाक्य होतं: भूक नाही म्हणाली.

सर तो निकाल घेऊन नगरपालिकेत गेले, भांडले, आणि दीड वर्षात वसाहतीच्या तोंडाशी जेवणघर सुरू झालं. गरोदर बायका आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांच्यासाठी दुपारचं गरम जेवण. एकच अट होती, तीही सरांनी हट्टाने घातलेली. तिथेच बसून जेवायचं, डबा मिळणार नाही. "डबा घरी गेला की तो सगळ्यांचा होतो," सर म्हणत, "आणि सगळ्यांत ती नसते."

लांब बाकांचं, पत्र्याच्या छताचं ते जेवणघर ताईंचं दुसरं माहेर झालं. विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी त्या आधी तिथे नेत. पुस्तकं वाचून आलेली पोरं ती. पोषणाची कोष्टकं तोंडपाठ, पण एक पळी कालवण म्हणजे किती ग्रॅम हे विचारलं की तोंडाचा आ! ताई त्यांना डोळे मिटून पळी हातात धरायला लावत आणि वजन ओळखायला सांगत. एकाने एकदा रिकाम्या पळीचं वजन ऐंशी ग्रॅम भात म्हणून सांगितलं, तो पुढे कुठल्याशा देशाच्या अन्नखात्याचा सल्लागार झाला. "तिथल्या लोकांचं काय होत असेल!" असं म्हणून ताई हसत. त्या तुकड्या आल्या, गेल्या, त्यांतलीच एक विद्यार्थिनी आज विभागप्रमुख होती. थोरले सर गेले. कारखाना बंद पडून तिथे गोदामं झाली. जेवणघर मात्र रोज साडेबाराला उघडत राहिलं.

आणि आता त्याच्यावरच गंडांतर आलं होतं.

नगरपालिकेच्या समितीने सुचवलं होतं की स्वयंपाकी, बाकं, भांडी हवीत कशाला? त्याऐवजी कोरड्या शिध्याची पाकिटं घरपोच द्यावीत. बसून जेवायची व्यवस्था चालू ठेवायची असेल तर विभागाने दाखवून द्यावं की घरी आईच्या ताटात निदान पाचवा हिस्सा तरी कमी पडतो. विभागाकडे पुरावा एकच, थोरल्या सरांची मोजणी. चौथा हिस्सा, म्हणजे हवं त्याहून जास्तच. विभागप्रमुख मॅडम निर्धास्त होत्या. जुने फॉर्म संगणकावर चढवायचं काम त्यांनी पीएचडी करणाऱ्या एका मुलीला दिलं.

ही मुलगी हुशार होती, पण महाशंकेखोर. कोणी सूर्य पूर्वेला उगवतो म्हणालं तर 'कोणत्या महिन्यात?' असं विचारणारी. ताई तिला शंकासुर म्हणत आणि तिला त्याचा अभिमान वाटे. एका गुरुवारी ती फॉर्मचा गठ्ठा घेऊन ताईंसमोर बसली.

"ताई, तुमचा काटा बिघडलेला होता का?"

ताईंचा चेहराच बदलला. "माझा काटा? रोज सकाळी नाणी ठेवून तपासायचे मी. दोन ग्रॅम इकडचे तिकडे व्हायचे नाहीत."

"मग हे बघा ना. शिजलेलं म्हणजे खाल्लेलं, उरलेलं आणि टाकलेलं यांची बेरीज. बरोबर? एकोणतीस घरांत ती जुळते, दहा-वीस ग्रॅम इकडे तिकडे. तुमच्या अकरा घरांत जुळत नाही. तीनही दिवस. दर वेळी दोनशेच्या आसपास ग्रॅम गायब. हे तेव्हा कोणालाच कसं दिसलं नाही?"

तेव्हा बेरजा हाताने मारायच्या होत्या. खाल्लेल्याचा रकाना जोडता जोडताच सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते, शिजलेल्याचा रकाना कोण जुळवत बसतो? ताईंनी हे सांगितलं. दोनशे ग्रॅम. एवढं तर त्या डोळे मिटून सांगू शकल्या असत्या. ते त्यांचं जेवण होतं.

मुलगी बिचारी मदतीलाच धावली. "खरकटं तोलायचं राहून जात असेल का? तसं असेल तर प्रश्नच मिटला. मी तळटीप देते आणि पुढे जाते."

"असेल," ताई म्हणाल्या. "तसंच असेल."

मुलीने लगेच लिहून घेतलं. ताई त्या दिवशी लवकर घरी गेल्या.

मी खाल्लं ते पातेल्यातलं खाल्लं, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या. नियम मोडला, खरं. सांगितलं नाही, तेही खरं. पण त्याने आईच्या ताटाच्या आकड्याला काय धक्का लागला? तिचं ताट वेगळं तोललं होतं. त्या विचाराने त्यांना जरा बरं वाटलं.

ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं. ताईंचे यजमान छापखान्यात होते, तेही निवृत्त. दुपारी त्यांचा एक जुना सोबती न कळवता टपकला. ताईंनी दोघांपुरता स्वयंपाक केला होता. "बसा ना, बसा, भरपूर आहे," म्हणत त्यांनी दोन ताटं वाढली. यजमान म्हणाले, "अगं, तूही बस की आमच्याबरोबर." आणि ताईंच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही घ्या. मला आज तशी भूक नाही."

त्या पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. भूक सपाटून लागली होती.

पाहुणा गेल्यावर त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी मनाशी अकरा घरं मोजली. आजीने खाल्लं, वडिलांनी खाल्लं, मुलांनी खाल्लं, काटेवाल्या बाईंनी खाल्लं. मग आईचं ताट काट्यावर आलं, हलकं. आई म्हणाली, भूक नाही. समोर बसून ते कोणी लिहिलं? ढेकर देऊन कोणी लिहिलं? वहिनी तेव्हा अंगावर पाजत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं, आईच्या ताटातलं जातं कुठे हे शोधायला ज्यांना पाठवलं होतं, त्यांच्याच पोटात ते गेलं होतं. आयुष्यातली सगळ्यात गोड म्हणून जपलेली आठवण, आणि तिचा त्यांना आता घास उतरेना. त्यांना स्वतःची अतोनात लाज वाटली.

यजमानांना त्यांनी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू काही बोलली नाहीस तर ते जेवणघर राहतंय ना? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि बोलले तर?"

"तर मूठ उघडी, आणि त्या बायकांच्या हाती पाकीट."

तेच तर होतं. शनिवारी सकाळी उठून ताई वसाहतीत गेल्या.

वहिनी त्याच ओळीत राहत होत्या. आता वरचा एक मजला चढला होता, शिवणयंत्र विजेचं झालं होतं आणि वहिनींच्या डोळ्यांना दोरा दिसत नव्हता, म्हणून त्या सुनेला ओरडून दोरा ओवायला लावत. ताईंना बघून त्यांनी आधी सगळ्या घराची खबर घेतली आणि मग चहाचं आधण ठेवलं. ताईंनी आढेवेढे घेतले नाहीत.

"वहिनी, ते तीन दिवस मी तुमच्याकडे जेवत होते, ते तुमच्या वाटचं होतं का?"

वहिनी हसल्या. "मग काय, पातेल्यात आभाळातून पडत होतं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? एवढीशी होता तुम्ही, गळ्याची हाडं दिसायची. मी सासूला म्हटलंसुद्धा, हिला जेवणाची मोजणी करायला पाठवलंय, आधी हिलाच तोला म्हणावं." मग ताईंचा चेहरा बघून त्या थांबल्या. "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं पुष्कळ बघितली. तुम्ही नुसतं पातेलं मोजलंत. आणि तो मांडीवरचा पोरगा आता ट्रक चालवतो, चांगला घोड्यासारखा धडधाकट आहे."

ताईंना हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, "मी येत नव्हते त्या दिवसांत तुम्ही पोटभर जेवायचात?"

चहा उकळून वर आला, तो त्यांनी उतरवला, गाळला.

"तुम्ही नव्हता तेव्हा नणंद असायची," त्या म्हणाल्या. "नणंद गेली की यांचा कोणीतरी मित्र. कोणीच नसलं तर थोरल्याला संध्याकाळी भूक लागायची, त्याच्यासाठी ठेवायचं. पोटभर जेवले ती मी पुढे धाकटी पोटात होती तेव्हा, तुमच्या जेवणघरात. तिथे डबा देत नव्हते ना! पहिल्या दिवशी मी त्या स्वयंपाक्याशी भांडले, अर्धं घरी नेऊ दे म्हणून. नाही म्हणाला मेला. मग काय करते? बसले, आणि खाल्लं सगळं. खाताना रडू येत होतं मला, घरी पोरं आहेत आणि मी इथे एकटी गिळतेय म्हणून. पण काय सांगू, असं जेवले!"

चहा पिऊन ताई निघाल्या. त्यांना उत्तर मिळालं होतं, पण तीस वर्षांच्या कामाने एवढं शिकवलं होतं की एका बाईची आठवण म्हणजे मोजणी नव्हे. वहिनींनी सांगितलेलं समितीपुढे ठेवता येणार नव्हतं. समितीपुढे ठेवता येण्यासारखं त्यांच्याकडे एकच होतं, ते म्हणजे स्वतःचं खाणं.

सोमवारी ताईंनी मॅडमच्या खोलीचं दार लोटलं. आत शंकासुर बसलीच होती. ताईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं, नियमापासून 'तसंच असेल'पर्यंत. मॅडम म्हणजे एकेकाळी त्यांच्याकडून पळीचं वजन ओळखायला शिकलेली मुलगी, त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ताई, तुमची अकरा घरं काढली तर काय उरतं माहीत आहे?" त्या म्हणाल्या.

उत्तर मुलीने दिलं. तिने ते आधीच काढून ठेवलं होतं. "सहावा हिस्सा. पाचवा नाही."

"म्हणजे जेवणघर गेलं," मॅडम म्हणाल्या. "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय. परवा समिती आहे."

"परवा आहे म्हणूनच आत्ता सांगतेय," ताई म्हणाल्या. "मी चौतीस वर्षं उशीर केलाय. आणखी दोन दिवस नको."

समितीच्या बैठकीत ताई स्वतः बोलल्या. मी नियम मोडला, ती अकरा घरं गाळा, पण जेवणघर बंद करण्याआधी नव्याने मोजायला सहा महिने द्या, एवढंच त्या म्हणाल्या. एक सभासद म्हणाले, "तुमच्यावर विश्वास कशाला ठेवायचा?" ताई म्हणाल्या, "माझ्यावर ठेवू नका. काट्यावर ठेवा." सहा महिने मिळाले.

निकाल काय लागला ते इथेच सांगून टाकलेलं बरं, उगाच ताणायचं कारण नाही. नव्या मोजणीत फॉर्मवर एक रकाना वाढवला: कोणाच्या वाटचं. शिवाय निम्मे दिवस मोजणारं कोणी घरात गेलंच नाही, घरच्याच मुलीला किंवा मुलाला काटा शिकवून तोलायला लावलं. पाहुणा असला की आईच्या ताटातला तिसरा हिस्सा जायचा. कोणी नसतानाही पाचव्याहून किंचित जास्त जायचा. जुन्या एकोणतीस घरांत तो सहावाच का आला होता, तेही उमगलं. काहीही न खाता समोर टक लावून बसलेल्या परक्या माणसापुढे आया ताटात जरा जास्तच वाढून घेत असत. आपली आबाळ कोण दाखवतं? काठावर का होईना, जेवणघर पास झालं. ताईंचं नाव अहवालात आलं ते चूक करणाऱ्यांत, आणि ताईंनी स्वतः ते दोनदा वाचून त्यातली एक शुद्धलेखनाची चूक सुधारली.

पण हे पुढचं. त्याआधीचा, नव्या मोजणीचा पहिला दिवस सांगायचा राहिला.

त्या दिवशी शंकासुर वसाहतीत पहिल्या घरी गेली होती. निघताना तिने सगळ्यांना बजावलं होतं की कोणीही काहीही खायचं नाही, डबा सोबत न्यायचा आणि परत आल्यावर खायचा. ताई विभागात खिडकीपाशी बसून होत्या. मंगळवार नव्हता, गुरुवारही नव्हता, पण घरी चैन पडेना.

अडीचच्या सुमाराला मुलगी आली. काटा टेबलावर ठेवला, डबा ठेवला आणि फॉर्म ताईंपुढे सरकवला. डबा भरलेलाच होता, ताईंनी तो बाजूला सारला तेव्हा हाताला कळलं. ताईंनी चष्मा लावला. आजी, वडील, आई, दोन मुलं. सगळ्यात खाली, पाहुण्यांच्या ओळीत, तिच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: एक. मोजणारी. भात एकशे दहा, कालवण ऐंशी. कोणाच्या वाटचं: आईच्या.

"मी नको म्हणाले, ताई," मुलगी म्हणाली. "तीनदा नको म्हणाले. डबा काढून दाखवला. ती म्हणाली, तो गार झाला असेल, गरम घे. तिच्या मांडीवर बाळ होतं. मग ती म्हणाली, मला भूकच नाहीये आज. मला माहीत होतं ती खोटं बोलतेय. माहीत असून मी खाल्लं."

"चांगलं होतं?"

मुलीने मान डोलावली आणि तिचे डोळे भरून आले. "खूप चांगलं होतं हो."

ताईंनी तिला शेजारची खुर्ची ओढून दिली. पाठीवरून हात फिरवावा असं त्यांना वाटलं आणि त्यांनी तो फिरवला. मग फॉर्मवरच्या आकड्यांची बेरीज सवयीने बोटांवर केली.

"उद्या परत त्याच घरी जायचंय तुला," त्या म्हणाल्या. "निघण्याआधी इथे पोटभर जेवून जा. तरीही तिने वाढलं तर दोन घास घे. आणि लिही."

मुलीने रुमालाने तोंड पुसलं आणि उद्याचा फॉर्म काढून त्यावर तारीख घातली.